सरकत्या नकाशातून गळालेले वळण

आमच्या नकाशाची गोष्ट चंद्रपुरात आजही सांगितली जाते, आणि तिच्यात मी नेहमी एकाच रूपात येतो: संगणकाला भिणारा, माउसला हात न लावणारा, कानावर पेन्सिल खोचून कुरकुरणारा एक म्हातारा. मागे एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात ती माझ्यादेखतच सांगण्यात आली. मांडवात कूलरसमोर खुर्च्यांचे कोंडाळे जमले होते आणि मंगलाष्टकांना अवकाश होता.

"चाचा, तुमी तं म्हणे माउसले पाह्यलं की पाय वर घेत होते!" एकाने सुरुवात केली.

"आन् मंग यायनं," दुसऱ्याने मांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थाकडे बोट दाखवले, "यायनं नकाशा असा पळवला, असा पळवला, का बोट लावलं की गाव सरकलं. आन् चाचा मागून वरडून राह्यले, थांबा बे, माही रेघ पुसली!"

सगळे हसले. दाराशी उभ्या असलेल्या त्या गृहस्थानेही हसून माझ्या दिशेने हात उंचावला. "सलाम, चाचा," तो म्हणाला. मीही हात उंचावला. लग्नघरी तमाशा करण्याचे संस्कार माझ्यावर नाहीत.

एवढेच असते तर विनोद म्हणून मी ते सोडून दिले असते. परंतु या गोष्टीच्या शेवटी एक वाक्य असते. ते हसत हसत, जाता जाता उच्चारले जाते: एटापल्लीकडच्या एका गावाची शीव चालताना चाचांनी वळण तोडले, म्हणून नकाशा चुकला. हे वाक्य खोटे आहे. ज्याला ते खोटे असल्याचे पक्के ठाऊक आहे तोच त्या दिवशी दाराशी उभा राहून मला सलाम करीत होता. म्हणून मी हे लिहीत आहे.

माझे वडील चंद्रपुरात तसबिरींना चौकटी बसवत आणि काच कापत. काच कापणारा माणूस रेघ एकदाच ओढतो. दुसऱ्यांदा हिरा फिरवला तर काच कुठे फुटेल याचा नेम नसतो. घरात आम्ही हिंदी-उर्दू बोलत असू, शाळा मात्र मराठी होती, आणि माझ्या मराठीविषयी कुणी शंका घेतलेली मला चालत नाही. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन मी नव्वदच्या दशकात कोरपन्याच्या बाजूला चुनखडीच्या खाणींचे नकाशे काढले. पुढे तिथले काम संपले आणि मी चंद्रपुरातल्या एका लहानशा नकाशा-संस्थेत आलो. संस्थेचे नाव लिहीत नाही. माझे भांडण संस्थेच्या पाटीशी नाही.

मी आलो त्याच सुमारास तो, म्हणजे मांडवाच्या दाराशी उभा असलेला तो गृहस्थ, तिथे लागला. पॉलिटेक्निक झालेला, हात हलका, बुद्धी तल्लख. यातले काहीही मी नाकारत नाही. ट्रेसिंग कागदावर शाईची रेघ न फुटता कशी न्यावी, हे त्याला मी शिकवले. नंतर तो नागपूरला जाऊन संगणकाचे शिक्षण घेऊन आला आणि ते त्याने मला शिकवले. तो मला चाचा म्हणे, आणि त्याच्यामुळे सगळे कार्यालय म्हणू लागले. ईदला माझी पत्नी शीरखुर्म्याचा एक डबा त्याच्या आईसाठी वेगळा काढून ठेवी. त्याची आई तोच डबा दिवाळीत चिवडा भरून परत पाठवी. आमचे संबंध हे असे होते. वाचकाने हे ध्यानात ठेवावे, कारण परक्याने केलेल्या गोष्टीला मी फसवणूक म्हटले असते आणि विसरूनही गेलो असतो.

दोन हजारनंतरची वर्षे होती. वनहक्कांची बोलणी गावोगाव सुरू झाली होती आणि कुठल्या गावाचे जंगल कुठवर, हा प्रश्न अचानक कागदावर उत्तर मागू लागला होता. आमच्या संस्थेने ठरवले की दक्षिणेकडच्या गावांच्या शिवा गावकऱ्यांबरोबर चालून नोंदवायच्या आणि त्यांचा नकाशा इंटरनेटवर ठेवायचा. अहेरीतल्या किंवा एटापल्लीतल्या कुठल्याही संगणकावर माणसाने बसावे, नकाशा माउसने सरकवत आपल्या गावापर्यंत यावे, आणि शिवेवर माउस ठेवला की त्या जागेचे नाव वाचावे. कल्पना उत्तम होती. चालण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मला चालता येत होते आणि ऐकता येत होते.

एटापल्लीपलीकडच्या त्या गावात शीव चालायला भूमिया माझ्याबरोबर निघाला. भूमिया म्हणजे गावची जमीन, देव आणि शीव जाणणारा वडीलधारा. निघण्यापूर्वी त्याने एकच नियम सांगितला: शीव चालताना वळण तोडायचे नाही. नाला पोट काढून वळला की आपणही त्याच्याबरोबर वळायचे. पलीकडची कड समोर दिसत असली तरी मधून जायचे नाही. प्रत्येक वळणाला नाव असते. तिथे थांबायचे, नाव घ्यायचे, मग पुढे.

आमच्या जीपचा ड्रायव्हर हौसेने बरोबर आला होता. मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका मोठ्या वळणापाशी तो थकला आणि सरळ ओहोळ ओलांडून पलीकडे जाऊन बसला. आम्ही वळसा घालून पोचलो तेव्हा तो बिडी पेटवत होता. भूमिया त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याने मागे बोट दाखवले.

"काऊन जी? मी तं पोचलो ना."

"पोचले. चालले नाई."

"अरे बाबा, पाय दुखून राह्यले माहे!"

"मंग बसा. आमी बी बसतो." आणि भूमिया खरोखरच बसला. मीही बसलो. शेवटी ड्रायव्हर शिव्या पुटपुटत मागे गेला आणि सगळे वळण फिरून आला. आल्यावर भूमिया मला म्हणाला, "वळण तोडलं तं शीव तुटते, भाऊ. मंग ते वळण कोणाचंच नाई रायत. तुमी कागदावर बी असेच चालाल का?"

"चालीन," मी म्हणालो.

हा माझा शब्द होता. या लेखात जे काही पणाला लागले आहे ते हेच. त्या वळणावर मी हातातल्या जीपीएस यंत्रावर प्रत्येक बाकापाशी बिंदू घेतला. यंत्र स्थिरावेपर्यंत थांबलो, आणि जिथे फांद्यांमुळे आकडे हलले तिथे पुन्हा घेतला. म्हणून माझी रेघ नाल्यासारखी होती, आणि म्हणूनच ती बिंदूंनी जड होती. पुढचे सारे या जडपणातून निघाले.

पहिले प्रात्यक्षिक एटापल्लीला एका सभागृहात झाले. भिंतीवर पांढरी चादर, टेबलावर संगणक, टेलिफोनच्या तारेवरून येणारे इंटरनेट. त्या काळचा नकाशा कसा वागे हे आजच्या माणसाला सांगावे लागेल. नकाशात थर असतात: तळाशी उपग्रहाचे चित्र, त्यावर नाले, रस्ते, वनखात्याचे कक्ष, गावे, आणि सर्वांत वर आमच्या शिवा. माउसने नकाशा जरा ओढला की हे सगळे थर नव्याने मागवले जात आणि एकावर एक पुन्हा काढले जात. तोवर पडदा कोरा. माझ्या त्या सहकाऱ्याने नकाशा ओढला, आणि चादर पांढरी झाली.

"गाव पुसला का जी?" मागून एका बाईने विचारले.

"येऊन राह्यला, बाई, येऊन राह्यला."

"एसटी बी एवढा वेळ नाई लावत!"

अर्धा नाला आला. मग रस्ता आला, पण तो नाल्यावर न बसता शेजारी तरंगत राहिला. तो पुन्हा ओढायला गेला, आणि आलेलेही गेले. लोक मनापासून हसले. भूमिया हसला नाही. त्याला आपले वळण पाहायचे होते आणि तो शेवटपर्यंत चादरीकडे बघत बसला. शेवटी वीज गेली आणि तिने आमची उरलीसुरली लाज राखली.

परतताना जीपमध्ये सहकारी म्हणाला, "चाचा, थर लई झाले. कमी करा लागते."

मी म्हणालो, "थर कमी करू नको. उद्या ऑफिसात ये, तुला एक दाखवतो."

आता मी जे लिहितो ते मांडवात सांगितले जात नाही. कार्यालयाच्या कोपऱ्यात जुने काचेचे टेबल होते, खालून ट्यूबलाइट लागणारे. एव्हाना त्यावर चहाचा ट्रे आणि प्रिंटरचे कागद ठेवले जात. मी ते उचलून बाजूला केले, दिवा लावला, एक मूळ पत्रक अंथरले आणि त्यावर तीन ट्रेसिंग ठेवली. "आता हे सगळे एकदम सरकव," मी म्हणालो. त्याने सरकवले. ट्रेसिंग एकमेकांवरून घसरली, एक दुमडले, कोपऱ्यातल्या जुळणीच्या फुल्या जुळेनात.

"आम्ही हे असे कधीच करत नसू," मी सांगितले. "जे बदलणार नाही त्याचे आधी एकत्र प्रिंट काढून घ्यायचे. नाले, रस्ते, कक्ष, सगळे एका कागदावर. म्हणजे तळाशी एकच पत्रक. आणि वरचे जे जिवंत ट्रेसिंग आहे ते सरकवण्यापूर्वी उचलायचे. पत्रक सरकवायचे. हात थांबला, की फुल्या जुळवून ट्रेसिंग परत ठेवायचे. सरकत असताना वरची रेघ कुणी वाचत नसतो, बाळा. तेव्हा फक्त दिशा पाहतात."

त्याने कपाळावर हात मारला. "च्यायला, चाचा! हे तं मले सुचलंच नाई."

हे त्याचे वाक्य आहे. मी त्यात एक अक्षरही घातलेले नाही.

प्रोग्राम त्याने लिहिला. मला तो लिहिता येत नव्हता आणि तसा दावा मी कधी केला नाही. न बदलणारे सगळे थर वितळवून एकच चित्र केले आणि त्याचे फरशीसारखे चौकोनी तुकडे आधीच कापून ठेवले, जेणेकरून मागितल्यावर काढत बसायला नको. पडद्यावर दिसतात त्यांच्या सभोवतालचे तुकडेही आधीच मागवून ठेवायचे, म्हणजे ओढताना पांढरी कड दिसणार नाही, ही सूचना त्याची होती आणि ती उत्तम होती. तुकड्यांचे सांधे तपासायला मी बसे. एका तुकड्यावरचा नाला पुढच्या तुकड्यावर केसभर वर लागला तरी मला दिसे. दिवसभर माउस माझ्या हातात असे. ज्यांनी मला त्या महिन्यांत पाहिले त्यांनी मांडवात तोंड उघडले नाही, एवढेच मी म्हणतो.

नकाशा सरकू लागला. त्या पहिल्या सायंकाळी आम्ही दोघे आळीपाळीने चंद्रपुरापासून पार सिरोंचापर्यंत उगाचच नकाशा ओढत बसलो होतो. मधल्या सगळ्या जंगलाचा एकही तुकडा पांढरा पडला नाही. त्याने मला मिठी मारली. माझ्या आयुष्यात कामावरून कुणी मला मिठी मारल्याचा तो एकच प्रसंग.

राहिली ती शीव. तिला वितळवून खालच्या चित्रात घालता येईना, कारण माउस ठेवला की वळणाचे नाव दिसायला हवे होते. ती जिवंतच ठेवावी लागणार होती. ओढताना आम्ही तिला उचलत होतो, परंतु हात थांबला की ती परत ठेवताना नकाशाला एक झटका बसे, श्वास अडकल्यासारखा. बिंदू फार होते. तेव्हा त्याने तिसरा उपाय सुचवला: रेघ पातळ करायची. ज्या बिंदूंवाचून रेघेचा साधारण आकार टिकतो ते संगणकाने गाळायचे.

"गाळायचे म्हणजे वळण तोडायचे," मी म्हणालो.

"दुरून पाहताना, चाचा. दुरून कोणाले दिसते वळण?"

"दुरून चालेल. जवळ आल्यावर पूर्ण रेघ हवी. आणि छापील कागद निघेल तो पूर्ण रेघेवरूनच. मी भूमियाला शब्द दिला आहे."

"तुमच्या रेघेले हात लावीन तं माहा हात झडो, चाचा."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. याला काही लोक माझी चूक म्हणतात. मी म्हणत नाही. ज्याच्या आईने भरून पाठवलेला डबा माझ्या फडताळात असतो त्याच्या शपथेवर पहारा बसवणे मला येत नाही.

मोहाच्या दिवसांत एटापल्लीहून ड्रायव्हरचा फोन आला. "चाचा, तिकडं भानगड होऊन राह्यली. शेजारच्या गावचे लोकं कागद घेऊन आले मोहा वेचाले. म्हणते, नकाशात हे आमच्याकडं हाये. बायाबायांत टोपल्यांची फेकाफेकी झाली. तुमचाच कागद हाये, चाचा."

बस बदलत मी तिथे पोचलो. शेजारच्या गावातल्या एका माणसाने तो कागद माझ्यापुढे धरला. तो अरेरावी करत नव्हता. त्याच्या दृष्टीने तो छापील सत्य घेऊन आला होता. मी पाहिले. जिथे नाला पोट काढून वळतो, जिथे ड्रायव्हर बिडी ओढत बसला होता, तिथे माझी रेघ पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ पलीकडे गेली होती. मोहाची सगळी झाडे तिच्या बाहेर. वळणाचे नावही नव्हते. ज्या बिंदूला ते बांधले होते तो बिंदूच गेला होता. ती माझी रेघ नव्हती हे मला एका नजरेत कळले. आपल्या हाताची रेघ कारागिराला ओळखू येते. ही दुरून पाहायची पातळ रेघ होती, आणि ती जवळच्या कागदावर छापली गेली होती.

चंद्रपूरला येऊन मी त्याच्या टेबलापाशी उभा राहिलो.

"मूळ रेघ कुठे आहे?"

"बसा ना, चाचा. पाणी घ्या."

"मूळ रेघ कुठे आहे?"

"झटका बसत होता ना थांबल्यावर. नागपूरहून पाहुणे येणार होते नकाशा पाहाले. दोन दोन रेघा ठेवल्या की फाइल लई जड होते..." तो थांबला. "आता हेच मूळ हाये, चाचा."

माझे बिंदू त्याने पातळ रेघेखाली कायमचे पुसले होते. यंत्रातली नोंद पुढच्या गावांसाठी केव्हाच रिकामी झाली होती. पाहुण्यांनी नकाशा ओढला असेल, तो लोण्यासारखा सरकला असेल, त्यांनी वाहवा केली असेल. त्या एका अडकत्या श्वासासाठी त्याने एका गावाचे वळण दिले.

इथवरही मी कदाचित त्याला सोडले असते. माणूस घाईत चुकतो. पण आमच्या प्रमुख बाईंसमोर आम्हा दोघांना बोलावण्यात आले, तेव्हा तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मॅडम, दाट झाडीत जीपीएस भरकटते. आणि चाचांनी त्या ठिकाणी पॉइंट कमी घेतले असतील. वय बी झालं त्यायचं, वळसा मोठा होता."

मी ओरडलो. गोष्टीतले तेवढे खरे आहे. परंतु "माझी रेघ पुसली" असे मी ओरडलो नाही. मी ओरडलो ते असे: "माझ्या डोळ्यांत पाहून सांग." त्याने पाहिले नाही.

बाईंनी माझे सगळे ऐकले, आणि मला आजही वाटते की त्यांना ते पटले होते. त्या म्हणाल्या, "चाचा, नकाशाच्या संगणकाने वळण खाल्ले असे आपण बाहेर बोललो, तर प्रत्येक गाव आपली रेघ तपासायला मागेल."

"मागू द्या. मागायलाच हवे."

"मग सगळे काम थांबेल. आणि तोवर तिथे मोहा पडतो आहे. दोन गावांत काठ्या निघाल्या तर? चालणारा माणूस चुकला असे म्हटले, तर दोन्ही गावे फक्त तेवढी शीव पुन्हा चालून घेतील, आणि आपण कागद लगेच बदलून देऊ. बाकीच्या रेघा आपण आतल्या आत तपासू."

"म्हणजे मी जाऊन सांगायचे की वळण मी तोडले."

उत्तर त्याने दिले. "चाचा, तुमचं कोणी काई वाईट मानणार नाई. तुमाले सगळे मानते." या वाक्यातला हिशेब पाहा: मला सगळे मानतात, म्हणून माझे नाव खर्चायला स्वस्त.

मी गेलो. बाईंसाठी नाही, त्याच्यासाठी तर नाहीच. त्या वळणाखाली मोहा पडत होता, आणि तो वेचण्याचा हक्क ज्यांचा होता त्या बाया कागद पाहून घरी बसल्या होत्या. दोन्ही गावांची माणसे झाडाखाली जमली. मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "शीव चालताना इथलं वळण माझ्या हातून तुटलं. नकाशाचा दोष नाही. पुन्हा चालू या."

माझ्यादेखत मागे जाऊन सगळे वळण फिरून आलेला ड्रायव्हर वाकून जीपचे टायर पाहू लागला. मी भूमियाकडे पाहिले. त्या दिवशी माझ्या खांद्याला खांदा लावून चालणारा माणूस तो होता. दुसऱ्या कुणाच्या साक्षीची मला गरज नव्हती. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग तो शेजारच्या गावच्या वडीलधाऱ्याकडे वळून गोंडीत काही बोलला. त्या वडीलधाऱ्याने मान हलवली, आणि सगळे चालायला उठले.

यंत्र माझ्या सहकाऱ्याच्या हाती होते. तो पुढे, दोन्ही गावचे म्हातारे त्याच्या दोन बाजूंना, आणि प्रत्येक बाकापाशी तो थांबून नाव विचारत होता, जणू ही पद्धत त्यानेच आणली. तुटलेल्या शिवेचा दोष ज्याच्यावर आहे त्याने मागून चालायचे असे मला सांगण्यात आले. मी सर्वांच्या मागून चाललो. वळण पूर्ण चाललो.

वळण गावाला परत मिळाले. नवा कागद त्याच हंगामात आला, आणि त्यावरची रेघ बरोबर होती. मी ती ताडून पाहिली. बाकीच्या गावांच्या रेघा आतल्या आत तपासल्या की नाही ते मला ठाऊक नाही, कारण तोवर मी संस्था सोडली होती. शीव दुरुस्त करणारा आणि नकाशा पळवणारा, अशी दोन्ही नावे त्याला मिळाली. मला उरले ते मी स्वतःच्या तोंडाने म्हटलेले वाक्य. आज मी काहीही सांगितले की लोक म्हणतात, चाचा, तुम्हीच तर तिथे सांगितले होते. हो, सांगितले होते. खोटे सांगितले होते, आणि ते कुणी मागितले आणि का दिले, हेही आता मी सांगितले आहे.

चालणे संपल्यावर मी भूमियाला जरा बाजूला गाठले. "तुमी होते माझ्यासंगं. मी वळण तोडलं नाही हे तुमाले ठाऊक आहे. मंग काऊन नाई बोलले?"

तो पायाखालची पाने सारत म्हणाला, "बोललो असतो तं भांडण पुन्ना उभं झालं असतं, भाऊ. मोहा गेला असता. तुमी तं चंद्रपूरले जाल. आमाले इथीच रायचं हाये."

तो बरोबर बोलला असे मला वाटते. आणि तरीही, त्या दिवशी ज्यांनी मला एकटे सोडले त्यांच्यात मी त्याला मोजतो.

शेवटी आणखी एक खोटे खोडून ठेवतो. म्हणतात की मी त्या गावातून रागाने, न जेवता, निघून गेलो. हे शक्यच नव्हते. शीव चालून आलेल्या माणसाने न जेवता गाव सोडायचे नसते. त्यात दोन्ही गावांचा अपमान होतो. पळसाच्या पत्रावळीवर भात वाढला गेला. मी पंक्तीच्या टोकाला बसलो आणि पोटभर जेवलो. माझा सहकारी माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "चाचा, जीपमध्ये समोर बसा हं, तुमचे पाय दुखत असतील." पाण्याचा तांब्या त्याने उचलून माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. पलीकडे वाढत असलेल्या गावातल्या एका बाईला हाक मारून मी तिच्या हातून पाणी घेतले, पत्रावळ उचलली, आणि एटापल्लीच्या बसच्या रस्त्याला पायी लागलो.